रस्त्याचा घाट

ही चूक कुठल्या अमेरिकन माणसाच्या हातून होणं शक्यच नव्हतं. तिच्यासाठी आधी मराठी यावं लागतं, आणि ते अंगात जरा जास्तच मुरलेलं असावं लागतं.

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूमधल्या एका छोट्या सल्लागार कंपनीत मी नकाशांचं काम करते. डोंगराळ देशांतली गावं, त्यांच्यापर्यंत न पोचलेले रस्ते आणि मधली जंगलं उपग्रहाच्या चित्रांवरून मांडायची. रस्ता कुठून न्यावा म्हणजे झाडं कमी पडतील आणि डोंगर अंगावर येणार नाही, ते निधी देणाऱ्यांना सांगायचं. पुण्याहून आले तेव्हा मी बँकांची सॉफ्टवेअरं लिहायचे. ते सोडून इकडे वळले तेव्हा नवऱ्याने विचारलं होतं, "यात पुढे काय आहे?" मला नीट उत्तर देता आलं नव्हतं, पण मला ते माहीत होतं. माझे वडील मुकादम होते. कोकणातून देशावर चढणाऱ्या एका घाटात त्यांनी तीस वर्षं काढली. दरड आली की पहारी, फावडी आणि घमेली घेऊन त्यांची माणसं आधी पोचायची, मग बाकीचं सरकार. आमच्या घरात घाट हा शब्द मिठासारखा रोजचा होता. घाट बंद आहे, घाट सुटला, बाबा घाटातून आले नाहीत अजून. वाईला नदीवर पायऱ्यांचा घाट असतो हे मला ठाऊक होतं, पण तो देवाला जाणाऱ्यांचा. आमचा वळणांचा.

इथे आल्यावरही ती खोड गेली नाही. शहरातून पूर्वेला डोंगर ओलांडणारा जो हायवे आहे, त्याला आमच्या घरात घाटच म्हणतात. हिवाळ्यात निघताना मी मुलीला सांगते, "घाटात स्नो आहे का चेक कर गं." ती फोनमधून डोकं वर न काढता म्हणते, "आई, इट्स कॉल्ड अ पास." तिचा पास आणि माझा घाट एकाच डोंगरावर सुखाने नांदतात.

तर नेपाळच्या एका खोऱ्याचं काम आमच्याकडे आलं. त्यातल्या वरच्या गावाला गाडीरस्ता नाही. पायवाटेने चार तास उतरलं की मोटार मिळते. गावाभोवतीचं जंगल गावानेच सांभाळलेलं, त्याची समिती आहे आणि समितीत बहुतेक बायका. त्यांनी एका मोठ्या कागदावर स्केचपेनने आपल्या गावाचा नकाशा काढून त्याचा फोटो पाठवला होता. हिरवं जंगल, निळी नदी, तपकिरी वाटा आणि सगळीकडे देवनागरी अक्षरं. मीटिंगमध्ये तो पडद्यावर आला तेव्हा आमच्या साहेबाने माझ्याकडे पाहिलं. "यू कॅन रीड दिस, राइट?"

मी म्हटलं, येतं की. आणि खरंच येत होतं. वन म्हणजे वन, पानी म्हणजे पाणी. आठ अमेरिकन माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी घडाघडा वाचत होते. वर डोंगराच्या कडेला 'भञ्ज्याङ' असं लिहिलं होतं, ती मी वाडी ठरवली. वाडीला कसलंही नाव असू शकतं. आणि खाली, दोन ओढे नदीला मिळतात त्याच्या शेजारी, ठळक अक्षरांत 'घाट'. उपग्रहाच्या चित्रात नेमका तिथूनच उतार उभा होत होता. मला मुळीच शंका आली नाही. नदीकाठाने रस्ता येणार आणि इथे घाट लागणार. मी तिथून जंगलातून वर चढणारी पाच वळणं आखली आणि पायथ्याला यंत्रं उभी करायला, खडी टाकायला मोठी सपाट जागा दाखवली. मराठीत घाट घालणं म्हणजे मोठा बेत मांडणं. मी दोन्ही अर्थांनी घातला.

मग समितीशी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. इथे संध्याकाळचे सहा, तिथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे पावणेसात. अध्यक्षबाई पन्नाशीच्या, मागे वळचणीला मक्याची कणसं टांगलेली, आजूबाजूला सातआठ बायका. बाई काही वर्षं दिल्लीत राहिल्या होत्या, त्यामुळे त्यांची नेपाळीमिश्रित हिंदी आणि माझी मराठीमिश्रित हिंदी यांचं जमलं. ते बोलणं मी इथे मराठीतच लिहिते. मी त्यांना दिदी म्हणाले, त्या मला बहिनी म्हणाल्या. ओळख वाढावी म्हणून मी सांगून टाकलं, "दिदी, माझे वडील तीस वर्षं घाटावर कामाला होते."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दिदी हळू आवाजात म्हणाल्या, "मोठ्या पुण्याचं काम."

मला भरून आलं. रस्त्यावरच्या माणसाची एवढी कदर आमच्याकडे कोणी केली नव्हती. मी म्हणाले, "पावसाळ्यात फार हाल व्हायचे त्यांचे."

"होणारच," दिदी म्हणाल्या. "लाकडं ओली असतात."

मला वाटलं त्या रस्त्यावर पडणाऱ्या झाडांबद्दल बोलतायत. मी मान डोलावली आणि मुद्द्यावर आले. "आता तुमचा घाट आम्ही रुंद करणार. आधी तिथली जागा मशीनने सपाट करून घेऊ. वर्षभरात बघा, तुम्हाला स्वतःला घाट ओळखू येणार नाही."

एका म्हाताऱ्या बाईने पदराने तोंड झाकलं. दिदी म्हणाल्या, आम्ही आपसांत बोलतो, आणि पडदा काळा झाला. साहेबाने विचारलं तेव्हा मी सांगितलं, छान झाली मीटिंग, लोक जरा लाजाळू आहेत.

चार दिवसांनी समितीचं पत्र आलं. खाली सह्या आणि अंगठे. वरचं सगळं नेपाळी मला लागलं नाही, पण 'रस्ता नको' एवढं कळण्याइतकं लागलं. घाट हा शब्द त्यात तीनदा होता. अहवाल द्यायला दहा दिवस उरले होते. साहेब माणूस वाईट नाही, पण त्याच्या हाताखाली अशी चाळीस गावं आहेत. त्याने शांतपणे सांगितलं, लोकांचा विरोध आहे असं लिही, यांच्याऐवजी पलीकडच्या खोऱ्यातलं गाव घेऊ. यांचा विचार पुढच्या फेरीत. पुढची फेरी म्हणजे निदान तीन वर्षं.

मला ते पटेना. ज्या बायकांनी एवढ्या हौसेने नकाशा रंगवून पाठवला, त्या आठवड्यात फिरल्या कशा? मी पत्र आणि नकाशा दोन्ही छापून घेतले आणि आमच्या इंडियन ग्रोसरीच्या दुकानात गेले. तिथे काउंटरवर एक नेपाळी काका असतात. दुपारची गर्दी नव्हती. काकांनी हात पुसून चष्मा लावला, पत्र दोनदा वाचलं आणि चमत्कारिक नजरेने माझ्याकडे पाहिलं.

"दीदी, आप लोग इनके घाट पे रोड बना रहे हो?"

"घाटातूनच जाणार ना काका, नाहीतर गाडी चढणार कशी?"

त्यांनी नकाशा स्वतःकडे फिरवला. नदीच्या काठावर बोट ठेवलं. "घाट मतलब यहाँ. जहाँ मुर्दा जलाते हैं. पूरे गाँव का." मग बोट वर माझ्या वाडीवर नेलं. "पहाड़ जहाँ से पार करते हैं, वो ये है. भञ्ज्याङ. आपका वो, क्या बोलते हैं, पास."

मी आट्याच्या पोत्यांना टेकून उभी राहिले. माझे वडील तीस वर्षं प्रेतं जाळत होते असं मी त्या बायकांना अभिमानाने सांगितलं होतं. पावसाळ्यात लाकडं ओली असतात. तुमची स्मशानाची जागा मशीनने सपाट करते, वर्षभरात ओळखू येणार नाही. एकेक वाक्य नव्याने ऐकू यायला लागलं आणि मला इतकी लाज वाटली की घेतलेली कोथिंबीर तिथेच ठेवून मी बाहेर आले. गाडीत बसून आधी रडले. मग स्वतःचाच इतका राग आला की रडणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, चूक माझी आहे. आमच्या ऑफिसात चूक हा शब्द कोणी वापरत नाही. 'लर्निंग' म्हणतात, 'गॅप' म्हणतात. मी चूकच म्हटलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, एकदा हसूही दाबलं, आणि तरीही म्हणाला की वेळ गेली आहे, हे गाव सोडून दे.

"नाही," मी म्हटलं. "त्यांनी रस्ता नाकारलेला नाही. मला नाकारलंय. माझ्या अडाणीपणासाठी त्यांची तीन वर्षं जाणार नाहीत."

मी सहसा आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढला असावा, कारण शेजारच्या केबिनचं दार कोणीतरी लावून घेतलं. साहेबाने अट घातली. समितीने पत्र मागे घ्यायला हवं आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत नवी आखणी हवी. नाहीतर गाव यादीतून बाहेर.

त्या संध्याकाळी मी पुन्हा दिदींना फोन लावला. आधी माफी मागितली. मग आमच्याकडे घाट कशाला म्हणतात ते सांगितलं, वळणं हाताने काढून दाखवली.

"म्हणजे तुमचे वडील मुडदे जाळत नव्हते?"

"नाही हो. रस्त्यावरची दगडमाती उचलायचे."

त्यांनी ते मागे वळून बाकीच्यांना सांगितलं आणि सगळ्या जणी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "आम्हाला वाटलं, किती मोठ्या मनाची मुलगी," दिदी म्हणाल्या. "अमेरिकेत जाऊनसुद्धा बापाचं काम लपवत नाही."

मग हसणं थांबलं आणि त्या फोनच्या जवळ आल्या. "रस्ता नको असं आम्ही मनापासून म्हणू का? माझ्या आजारी थोरल्या जावेला पाठीवरच्या टोपलीत बसवून खाली नेत होतो. टोपलीचा पट्टा कपाळाला, पाळीपाळीने. वाटेत घाट लागतो. तिथे पोचलो आणि तिचा श्वास थांबला. मग पुढे काय जायचं? तिथेच लाकडं आणली. माणसाला वेळेआधी तिथे थांबावं लागू नये म्हणून रस्ता पाहिजे, बहिनी. आणि तुम्ही म्हणता, तीच जागा सपाट करतो."

लगेच पुढे म्हणाल्या, "आखणी आम्ही चालून दाखवतो. कुठलं झाड तोडलं तर चालेल आणि कुठलं झाड डोंगर धरून उभं आहे ते तुमच्या उपग्रहाला काय कळणार?"

फोनमध्ये एक ॲप असतं, माणूस जिथून चालेल तिथे दर अर्ध्या मिनिटाला एक ठिपका पडत जातो. ते कसं चालवायचं हे मी दिदींना शिकवलं. त्या कमरेला कापडाचा पट्टा गुंडाळतात, त्यात फोन खोचून त्या आणि चार बायका तीन दिवस डोंगर तुडवणार होत्या. गावात नेटवर्क एका उंचवट्यावर येतं, तिथे जाऊन त्या संध्याकाळी ठिपके पाठवायच्या.

पहिल्या दोन दिवसांची रेघ मी पडद्यावर उघडली आणि शेजारी माझी पाच वळणं ठेवली. माझी वळणं शाळेतल्या पोराने काढलेल्या सापासारखी दिसत होती. त्यांची रेघ घाटापासून चांगली लांब, नदी वरच्या अंगाला ओलांडून, जुन्या चराऊ माळावरून, जिथे मोठी झाडं मुळात नाहीतच तिथून सावकाश चढत होती. एका जुन्या दरडीला तिने लांब वळसा घातला होता. तिथे उत्तीसची झाडं लावून त्यांनी माती धरून ठेवलीय, त्यांना हात लावायचा नाही, असं दिदींनी सांगितलं. एका जागी मात्र मी अडून बसले. तिथे कातळ होता, सुरुंग लावल्याशिवाय रस्ता निघाला नसता आणि सुरुंगाने वरची बाजू खिळखिळी झाली असती. "वळवा," मी म्हणाले. "नाही," त्या म्हणाल्या. अर्धा तास आम्ही भांडलो. शेवटी त्यांनी वळवलं, पण त्याच्या बदल्यात माझ्याकडून दोन जास्तीच्या मोऱ्या कबूल करून घेतल्या. पाण्याला वाट दिली नाही तर ते रस्ताच घेऊन जातं, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. रीतसर नवं पत्रही आलं, पहिलं मागे घेतल्याचं. आता फक्त गावाच्या वरचा, भञ्ज्याङच्या खिंडीकडचा शेवटचा तुकडा राहिला होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ठिपके आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आले तेव्हा आलेले होते. रेघ गावाबाहेर निघून तासभर खिंडीच्या दिशेने नीट चालली होती. मग एकाएकी माघारी वळली होती, गावात येऊन तिथून जुन्या पायवाटेने थेट खाली. साहेब कॉफी घेऊन मागे उभा होता. "डिव्हाइस एरर," तो म्हणाला. "क्लीन इट अप."

मलाही आधी तसंच वाटलं. पण बिघडलेला फोन वेडेवाकडे ठिपके टाकतो. हे ठिपके पायवाट एक पाऊलभरही सोडत नव्हते. दर थोड्या वेळाने एका जागी पाचसहा ठिपके साचलेले, म्हणजे माणसं थांबलेली. पाळी बदलायला. मी वेळ मोजला, चार तास दहा मिनिटं. शेवटचा ठिपका मोटाररस्त्यावर होता. आणि वाटेत घाटापाशी ठिपके सगळ्यांत लांब लांब पडले होते. तिथे ती माणसं धावली होती.

दिदींना फोन लावला, लागला नाही. दिवसभर लावत राहिले. कोणाला नेत होते, पोचलं का, काही कळायला मार्ग नव्हता. गुरुवारी त्यांचाच फोन आला, जिल्ह्याच्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून. आवाज पार बसला होता. आखणीला निघालेल्या चौघींतलीच एक बाई वाटेत चाऱ्यासाठी झाडावर चढली आणि फांदी मोडून पाठीवर पडली. तिला टोपलीतून आणलं.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "घाट आला तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, इथे कोणी थांबायचं नाही, पळा. पण पाठीचं हाड मोडलेल्या माणसाला टोपलीत बसवून आणायचं नसतं म्हणे. डॉक्टर रागावले. आडवं झोपवून आणलं असतं तर पाय हलले असते."

मी विचारलं, "आता नाही हलणार?"

"नाही."

शुक्रवारी निधी देणारी माणसं मीटिंगला आली. साहेबाने शेवटचं बजावलं होतं, ती रेघ काढून टाक, उगाच गोंधळ होतो. मी ती ठेवली. नवी आखणी हिरव्या रंगात दाखवली, वाचणारी झाडं, धारकभिंती, मोऱ्या सगळं दाखवलं. मग लाल रंगात ती दुसरी रेघ उघडली आणि म्हणाले, ही या गावाची आजची वाहतूक व्यवस्था आहे. एका बाईने विचारलं, इथे मध्येच वेग का वाढलाय? मी तिला ती जागा कसली आहे ते सांगितलं. माझ्याच एका चुकीमुळे ती मला कळली, हेही सांगितलं. साहेब खाली बघत होता. पण बोलायची वेळ आली तेव्हा त्याने माझी बाजू घेतली, हे लिहायलाच हवं.

गाव यादीत राहिलं. म्हणजे आधी जमिनीवरचा सर्व्हे, मग मंजुऱ्या, मग काम. सगळं सुरळीत झालं तर यंत्र पोचायला दोन पावसाळे जाणार. मी दिदींना फोन करून मीटिंगमधल्या लाल रेघेसकट सगळं सांगितलं तेव्हा मला वाटत होतं की आनंदाची बातमी देतेय.

"दोन पावसाळे," त्या म्हणाल्या. मग मनाशी पुटपुटत काहीतरी हिशेब करायला लागल्या. मला कळलं की त्या गावातली आजारी, म्हातारी माणसं, दिवस गेलेल्या बायका एकेक करून आठवतायत.

"त्याआधी नाही होणार, दिदी. मी खूप भांडले."

"बरं. रस्ता दोन वर्षांनी येऊ दे. जुनी वाट एका माणसापुरतीच आहे, म्हणून पाठीवर बसवून न्यावं लागतं. ती चौघांपुरती केली तर खाटलं नेता येईल, आडवं झोपवून." कागद उलगडल्याचा आवाज आला. "आम्ही परवापासून खणायला घेतोय, घरटी एक माणूस. तुझ्या त्या लाल रेघेवर आम्ही कुठे कुठे थांबलो होतो, ते वरून एकेक सांग. तिथली वाट सगळ्यांत अरुंद आहे."

मी नकाशा उघडला आणि पहिली जागा सांगितली.